डॉक्टरांचा मुलगा, मुक्काम शुगर लँड

खोली बघायला मी काकांच्या दारात गेले, तेव्हा शुगर लँडमध्ये असं ऊन होतं की ड्राइव्ह-वेवर चपला चिकटतील असं वाटत होतं. काका दारात उभे होते. अंगात लोकरीचं बिनबाह्यांचं जाकीट, हातात मिटलेली काळी छत्री. त्यांनी आधी आकाशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि काळजीच्या सुरात म्हणाले, "अगं बाई, छत्री नाही आणलीस? ह्या मेल्या हवेचा काय भरवसा!"

आकाशात ढगाचा ठिपकाही नव्हता.

आतून काकूंचा आवाज आला, "तिला आधी घरात तर येऊ द्या. वेल्सचा पाऊस टेक्ससला पोचायला अजून वेळ आहे."

एमएस संपवून मला नुकतीच पहिली नोकरी लागली होती आणि ऑफिसजवळ राहायला जागा हवी होती. काकांच्या गॅरेजवर एक खोली होती, तिला वेगळा जिना होता. ती खोली मी घेतली आणि पुढची काही वर्षं तिथेच काढली. भाडेकरू म्हणून गेले खरी, पण पहिल्या महिन्याभरात मला कळलं की मी शुगर लँडमध्ये राहत नसून वेल्समधल्या एका कोळशाच्या खाणीच्या गावात राहते आहे. फक्त तिथे एसी जरा जास्त लागतो.

काकांचे वडील डॉक्टर. मूळचे साताऱ्याकडचे. काका जेमतेम चालायला-बोलायला लागले असतील नसतील, तेव्हा वडिलांना वेल्समध्ये दवाखाना मिळाला आणि सगळं कुटुंब तिकडे गेलं. दोन डोंगरांच्या मधल्या घळीत एक लांबच लांब गाव. एक रस्ता, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकमेकांना चिकटलेली घरं, टोकाला खाण आणि मध्ये डॉक्टरांचं घर. गावाचं नाव मी लिहीत नाही. ते लिहिता येण्यासारखं नाही. त्यात दोनदा एक असा आवाज येतो की जीभ 'ल'च्या जागी ठेवायची आणि दोन्ही बाजूंनी वारा सोडायचा. काकांनी तो आवाज मला, शेजारच्या मेक्सिकन आजोबांना आणि एकदा लॉन कापायला आलेल्या माणसालाही शिकवायचा प्रयत्न केला. काकू म्हणायच्या, "मला तर वाटतं हे गरम वरणावर फुंकर घालतायत."

काका सहा फूट उंच. जन्मभर तेलविहिरींवर इंजिनियर म्हणून काम केलेला, भरघोस मिशांचा माणूस. आणि हा माणूस मराठी बोलायला लागला की साक्षात एखादी जुन्या काळची गृहिणी बोलतेय असं वाटायचं. कारण सोपं होतं. वडील सकाळपासून रात्रीपर्यंत दवाखान्यात, गावात दुसरं मराठी माणूस नाही, त्यामुळे काकांचं सगळं मराठी आईकडून आलेलं. गाडीला ते मोटार म्हणत आणि शर्टाला सदरा. डिशवॉशर बिघडला की कमरेवर हात ठेवून म्हणत, "मेलं हे मशीन, आज पुन्हा रुसलं!" काकू एकदा मला म्हणाल्या, "लग्न ठरलं तेव्हा ह्यांचा पहिल्यांदा फोन आला. मी पाच मिनिटं ह्यांना 'हो सासूबाई, हो सासूबाई' म्हणत होते."

मराठी असं, तर इंग्रजी दुसरंच. त्यांचं इंग्रजी डोंगर चढायचं आणि उतरायचं. प्रत्येक वाक्य वर जाऊन शेवटी हळूच खाली घसरायचं. त्यात भर म्हणजे त्यांच्या गावाकडची एक बोलण्याची पद्धत त्यांनी मराठीत आणली होती. "काका, माझ्या सिंकचा नळ गळतोय." "आत्ता करतो, थोड्या वेळानं." आत्ता की थोड्या वेळानं, असं विचारलं की ते खरोखर गोंधळून बघत. त्यांच्या गावात म्हणे ती एकच वेळ होती. माझा नळ त्या वेळेत पुष्कळ दिवस गळत राहिला.

तिकडून त्यांनी आणखी एक चाल आणली होती. गावात निम्मी माणसं जोन्स, त्यामुळे आडनावाचा काही उपयोग नसे. मग धंद्यावरून ओळखायचं. जोन्स दूध, जोन्स पाव, आणि मयताची सोय बघणारा तो जोन्स पेटी. आमच्या मराठी मंडळात कुलकर्णी बरेच निघाल्यावर काकांना फारच आनंद झाला. डेंटिस्ट होते ते कुलकर्णी दात. तेल कंपनीतले ते कुलकर्णी पाइपलाइन. आणि फॅमिली लॉयर होते ते कुलकर्णी घटस्फोट. इथवर सगळ्यांनी हसून घेतलं. पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काकांनी नव्या मंडळींशी ओळख करून देताना, "ह्या मिसेस कुलकर्णी घटस्फोट, ह्यांचा संसार अगदी दृष्ट लागण्यासारखा," असं म्हटलं आणि त्या बाईंनी त्यानंतर कितीतरी दिवस काकूंना फोन केला नाही.

मला ते 'वरची' म्हणत. "वरची, चहा घेणार का?" अशी हाक जिन्याखालून यायची. चहा किटलीत, किटलीला विणलेली टोपी, आणि बरोबर तव्यावर भाजलेले मनुका घातलेले गोड गोल केक. ते त्यांच्या गावचे. काकूंच्या पोळीच्या तव्यावर लोणी घालून ते भाजायचे आणि मग दोन दिवस घरातल्या पोळ्यांना जायफळाचा वास यायचा. ह्या तव्यावरून त्या दोघांचं भांडण मी गेले त्याच्या आधीपासून चालू होतं आणि मी निघाले तरी मिटलं नव्हतं.

चहाबरोबर गोष्ट असायचीच. घरासमोर रस्त्यावर कोळशाचा ढीग ओतून गाडी निघून जायची. तो ढीग संध्याकाळपर्यंत ज्यांनी आत नेला नाही त्यांना गावभर नावं ठेवली जायची. काकांच्या आईने साडी वर खोचून, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून पहिल्यांदा फावडं हातात घेतलं, तेव्हा समोरच्या तीन घरांतल्या बायका आपापली फावडी घेऊन न बोलता आल्या आणि तिच्याबरोबर कोळसा उपसायला लागल्या. ही गोष्ट सांगताना काका कधी थट्टा करत नसत.

आणि मेंढीची गोष्ट. डोंगरावरच्या मेंढ्या गावात उतरत आणि कचऱ्याचे डबे आडवे करत. एकदा एक मेंढी वडिलांच्या दवाखान्यात शिरली. वडिलांनी मान वर न करता "पुढचा पेशंट" म्हटलं आणि ती आत गेली. मी ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा काकू कोथिंबीर निवडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "माझ्या लग्नात ही मेंढी नुसती दारात उभी होती. मुलं झाली तेव्हा ती वेटिंग रूममध्ये आली. आता आत जाऊन तपासून घ्यायला लागली. अजून काही वर्षांनी औषध घेऊन घरी जाईल."

"अगं, खरंच आली होती ती!" काका म्हणाले.

"मी कुठे नाही म्हणते? तब्येत कशी होती तेवढं सांगा."

काकांचा सगळ्यात मोठा पराक्रम म्हणजे मंडळाच्या गणपतीत त्यांनी चार सुरांत आरती बसवली. त्यांच्या गावात खाणकामगारांचा मोठा गायकवृंद होता. दिवसभर जमिनीखाली काम करून वर आलेली माणसं अशी गायची की खिडक्यांच्या काचा थरथरायच्या. काकांचं म्हणणं, आपण नुसत्या टाळ्या वाजवत ओरडतो, एकदा चार वेगळ्या सुरांत आरती करून बघा, गणपतीलाही कळेल की आपण आलोय. ऐन ऑगस्टात गॅरेजमध्ये तालीम सुरू झाली. गॅरेजला एसी नाही. काका जाकीट घालून, हातात काकूंचं उलथणं घेऊन पुढे उभे. आम्हाला त्यांनी पातळ आवाज, जाड आवाज, बारीक पुरुष आणि भारी पुरुष असं विभागलं होतं. कुलकर्णी दात भारी पुरुषांत होते. ते त्यांच्या स्वतःच्या लयीत, सगळ्यांच्या दोन ओळी पुढे असायचे. पण तालमींच्या शेवटी शेवटी एखादी ओळ अशी जमून यायची की आम्हीच गप्प होऊन एकमेकांकडे बघायचो.

गणपतीच्या दिवशी हॉल भरलेला. काकांनी हात वर केला. आम्ही श्वास घेतला. तेवढ्यात गुरुजींनी घंटा वाजवली आणि साऱ्या हॉलने नेहमीच्या चालीत, नेहमीच्या टाळ्यांत आरती सुरू केली. आमचे चारही सूर त्यात कुठे बुडाले ते कळलंही नाही. आरती संपली, प्रसादाची रांग लागली, तरी काकांचा हात अजून अर्धा वर होता. काकूंनी त्या हातावर मोदक ठेवला आणि म्हणाल्या, "गरम आहे तोवर खा."

ह्या सगळ्याला टाचणी लावली ती काकांच्या धाकट्या बहिणीने. ती अजूनही त्याच गावात, त्याच घरात राहत होती. तिथल्या शाळेत शिकवून रिटायर झालेली, बुटकी, गोरीपान, पांढऱ्या बॉबकटची बाई. काकांची मुलं तिला आत्या म्हणत म्हणून मीही आत्याच म्हणायचे. मराठी तिला समजे, बोलता मात्र फारसं येत नसे. ती डोंगर चढत-उतरत इंग्रजीतच बोलायची.

ती महिन्याभरासाठी आली होती. काकूंनी तिला कौतुकाने आरतीची गोष्ट सांगितली. आत्या ऐकता ऐकता सोफ्यावरून घसरायची बाकी राहिली. "ह्याने? ह्याने गाणं बसवलं? वहिनी, ह्याला शाळेच्या कॉयरमध्ये बाईंनी सांगितलं होतं की तू फक्त ओठ हलव. आवाज काढायचा नाही. डॉक्टरांचा मुलगा म्हणून रांगेत ठेवला, नाहीतर कधीच घालवला असता."

काका पेपरच्या मागे होते. पेपर हलला नाही.

"आणि तुम्हाला सांगतो का हा," आत्या रंगात आली होती, "की ह्याला त्या गावाचा किती कंटाळा होता? पाऊस, पाऊस, पाऊस, म्हणून रोज रडगाणं. टेक्ससची नोकरी मिळाली तेव्हा ह्याने नकाशात फक्त ऊन कुठे आहे ते बघितलं होतं."

"मेंढीचं काय?" काकूंनी हळूच विचारलं.

आत्याने जरा विचार केला. "मेंढी आली होती," ती म्हणाली.

पेपरच्या मागून समाधानाचा हुंकार आला.

पण आत्या काही थट्टा करायला आलेली नव्हती. तिचे गुडघे गेले होते, ती शहरात मुलीजवळ राहायला जाणार होती आणि घर सोडणार होती. तिचं एकच मागणं होतं. वडील गेले तेव्हा काका धावत येऊन धावत परत गेले होते, त्यानंतर त्यांनी गावात पाऊल ठेवलेलं नव्हतं. आता घर आहे तोवर एकदा ये. चार दिवस राहा.

काकांनी कारणं सुरू केली. डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आत्ताच झालं आहे. डोळा बरा झाला, तर वादळांचा मोसम येईल, घर उघडं टाकून कसं जायचं? मोसम संपला, तर लॉनचं काय? "लॉन?" काकू ओरडल्या. "जन्मभर जेवताना, झोपताना, लोकांच्या मुंजीत आणि मयताला वेल्स ऐकवलंत मला. आणि आता जायचं म्हटलं तर गवत आडवं येतंय?" काका उठून बागेत गेले आणि आधीच कापलेल्या गवताकडे बघत उभे राहिले.

बॅग भरताना आत्याचे डोळे लाल होते.

तिला एअरपोर्टवर सोडायला मी गेले, कारण काकांना डोळ्यामुळे ड्राइव्ह करायचं नव्हतं. काका बरोबर आले. परत येताना हायवेवर नेहमीप्रमाणे गाड्या तुंबल्या होत्या. उन्हात सगळ्या गाड्यांची टपं चकाकत होती. ते खिडकीतून बाहेर बघत होते. मी म्हटलं, "काका, तुम्ही जायला हवं होतं. आत्यांना वाईट वाटलं."

"ठाऊक आहे गं."

"मग?"

पुढची गाडी हलली, मी थोडी पुढे घेतली, पुन्हा थांबले.

"ऑफिसात मला सगळे विचारायचे, तू कुठला," काका म्हणाले. "मी सांगायचो, वेल्सचा. मग म्हणायचे, हो, पण खरा कुठला? मंडळात विचारतात, मूळ गाव कुठलं? सातारा म्हणतो. साताऱ्याचं मला एक अंगण आठवतं, बस्स. तेही आठवतंय की आईने सांगितलंय, कोण जाणे. असं एकच गाव आहे वरची, जिथे मला हे कधी कुणी विचारलं नाही. रस्त्यात कुणाला विचारा, हा कोण? डॉक्टरांचा मुलगा. संपलं." त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. "आता मी तिथे जायचं. ती माणसं कधीच गेली असतील. दुकानात एखादं विशीतलं पोरगं मला विचारेल, कुठून आलात? मग त्याला मी काय सांगू?"

घरी गेले तर व्हिसाच्या शिक्क्यासाठी तिकडेच अडकेन, ह्या भीतीने मलाही अकोल्याला जाऊन खूप दिवस झाले होते. मी नुसती गाडी चालवत राहिले. घराजवळच्या वळणावर काका म्हणाले, "हे काकूला सांगू नकोस."

मी सांगितलं. त्याच दिवशी, जिना चढायच्या आधीच. काकू पोळ्या करत होत्या. त्यांनी ऐकून घेतलं, तव्यावरची पोळी उतरवली, गॅस बंद केला आणि हात पुसत कॉम्प्युटरवर जाऊन बसल्या. जेवताना त्यांनी जाहीर केलं, "तिकिटं काढली आहेत. कॅन्सल केलं तर काही परत मिळत नाही. गवताला वरची पाणी घालेल."

काकांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मी आमटी वाढून घेतली.

ते दोघं गेले. पहिले काही दिवस काकूंचे मेसेज आले, तेही तुटक. इथे थंडी आहे. घर छान आहे. प्रार्थना व्हायची त्या चॅपलमध्ये आता गालिच्यांचं दुकान आहे. मग एक जरा लांब मेसेज आला. काका सकाळी एकटेच दूध आणायला गेले होते आणि काउंटरवरच्या मुलीने अगदी गोड हसून विचारलं होतं, सुट्टीला आलात का? घरी येऊन काका दुधाची बाटली हातात धरून स्वयंपाकघरात बसले आणि बराच वेळ त्यांनी ती फ्रीजमध्येही ठेवली नाही. मी फोन ठेवून गवताला पाणी घालायला गेले. मला फार अपराधी वाटत होतं. सांगितलं नसतं तर बरं झालं असतं, असंही वाटलं.

त्यानंतर एका सकाळी मी ऑफिसमध्ये मीटिंगच्या तयारीत असताना काकूंचा फोन आला. मागे इतका गलका होता की आधी मला वाटलं काहीतरी झालं.

"ऐक, ऐक," काकू म्हणाल्या. "मी पॅसेजमध्ये येऊन बोलतेय. इथे खाणीवाल्यांचा जुना क्लब आहे, त्यात म्हाताऱ्यांचा बिंगो असतो. वन्सं आम्हाला बळेच घेऊन आल्या. हे नकोच म्हणत होते. कोपऱ्यात बसले होते, कोट न काढता."

"मग?"

"मग वन्संनी सगळ्यांना सांगितलं, हा माझा भाऊ. लोक हसले, मान हलवली, पुन्हा आकडे बघायला लागले. तेवढ्यात एक म्हातारी, अगं एवढीशी, कानात मशीन, ती म्हणाली, कोण? डॉक्टरांचा मोठा? आणि हातातलं पेन खाली ठेवून उठली. सरळ ह्यांच्यासमोर येऊन उभी राहिली आणि स्वेटरची बाही वर करायला लागली. मला वाटलं, बाईंना बरं वाटत नाहीये की काय. तर कोपराच्या खाली एक पांढरी खूण. छोटीशी, अर्धगोल. म्हणते, हे बघ. हे तुझं काम."

"म्हणजे?"

"चावले होते गं हे तिला! बालवर्गात! रक्त आलं म्हणे. मग सासऱ्यांनीच औषध लावलं आणि मुलाला पाठवलं तिच्या घरी सॉरी म्हणायला, तर हे दाराबाहेरूनच पळून आले. ती म्हणते, माझ्या पोरांना माहीत आहेस तू, नातवंडांना माहीत आहेस. दर ख्रिसमसला ती हात पुढे करतात, आजी, डॉक्टरांचा मुलगा कुठे चावला ते दाखव. दुकानातली ती दूधवाली मुलगी, ती हिची नात. तिला म्हणे ठाऊक असतं तर तिने ह्यांना दूधच दिलं नसतं."

मला हसू आवरेना. क्यूबिकलमधली माणसं बघायला लागली. "आणि काका?"

"इतक्या गोष्टी ऐकल्या मी ह्यांच्या तोंडून, ही कधी ऐकली नव्हती. ह्यांनी तिचा हात दोन्ही हातांत धरला. खाली वाकून, अगदी जवळून, त्या ऑपरेशनच्या डोळ्याने बघत होते. बराच वेळ. मला वाटलं, आता हे रडणार. तर विचारलं काय, मी का चावलो होतो? ती म्हणते, मला काय विचारतोस, चावलास तू! मग मागून एक म्हातारा म्हणाला, तिने ह्याचा खडू घेतला होता. दुसरी म्हणते, छे, खडू नव्हे, सफरचंद. तिसरा म्हणतो, हा सगळ्यांनाच चावायचा. आता निम्मे इकडे, निम्मे तिकडे. आकडे पुकारणारा बिचारा नुसता उभा आहे, कुणी ऐकतच नाहीये."

गलक्यात एक आवाज ओळखू येत होता. तो वर चढत होता आणि शेवटी खाली घसरत होता, आणि सफरचंदाची गोष्ट सपशेल खोटी आहे असं काहीतरी टेबलावर हात आपटून सांगत होता.

"काकू, तुम्ही केव्हा निघणार तिथून?" मी विचारलं.

"कसलं निघतोय," काकू म्हणाल्या. "ह्यांनी कोट काढून ठेवलाय."